टीबीच्या रुग्णाला कॅल्शियमची गोळी लिहिण्याआधी

फुप्फुसाचा टीबी निघालेला रुग्ण बहुधा खंगलेला असतो. वजन उतरलेलं, पाठ-कंबर दुखते, रात्री पायात गोळे येतात. घरचे म्हणतात, "डॉक्टर, काहीतरी ताकदीचं द्या." मग टीबीच्या औषधांखाली आणखी एक ओळ येते: कॅल्शियम आणि डी३ (ड जीवनसत्त्व), रोज एक. टीबीच्या कामात नव्याने आलेल्या डॉक्टरांना, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना माझी विनंती एवढीच आहे की ही ओळ सवयीने लिहू नका. काही रुग्णांना तिची खरोखर गरज असते आणि काहींना तिने अपाय होतो. समोर बसलेले असताना दोघेही सारखेच दिसतात: थकलेले, भूक मेलेले, अंग दुखणारे. फरक कळतो तो दोन-चार तपासण्या एकत्र वाचल्यावरच.

यंत्रणा आधी समजून घ्या

निरोगी माणसाच्या रक्तात कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते या पट्ट्यात ठेवण्याचं काम मुख्यतः गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. पीटीएच हाडातून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फेट सोडून द्यायला लावतं, आणि तिथेच ड जीवनसत्त्व 'जागं' करतं. कातडीवर ऊन पडून तयार झालेलं ड जीवनसत्त्व आधी यकृतात २५-हायड्रॉक्सी रूपात येतं. तो साठा झाला. मूत्रपिंडात त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं. ते खरं काम करणारं रूप. कॅल्सिट्रायॉलमुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम शोषून घेतं. पातळी पुरेशी झाली की पीटीएच कमी होतं आणि सगळं थांबतं. पाण्याची टाकी भरली की फ्लोट वर येऊन नळ बंद होतो, तसंच.

टीबीमध्ये या टाकीला फ्लोट नसलेली दुसरी पाइपलाइन जोडली जाते. जंतूंना घेरून बसलेल्या गाठीतल्या, म्हणजे ग्रॅन्युलोमातल्या, मॅक्रोफेज पेशींकडेही कॅल्सिट्रायॉल बनवणारं तेच विकर (एन्झाइम) असतं. इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकार पेशींच्या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर ते सुरू होतं. कॅल्सिट्रायॉल मिळालं की पेशी जंतुनाशक प्रथिनं बनवते, म्हणजे मुळात ही शरीराची संरक्षणाची व्यवस्था आहे. पण या कारखान्यावर पीटीएचचा किंवा रक्तातल्या कॅल्शियमचा लगाम चालत नाही. आजार पसरलेला असेल तर तिथलं कॅल्सिट्रायॉल रक्तात उतरतं, आतडं जास्त कॅल्शियम ओढतं, हाडातूनही ते सुटतं, आणि पॅराथायरॉइड ग्रंथी गप्प बसून राहतात. सार्कॉइडोसिसमध्ये, म्हणजे टीबीच्या जंतूंशिवायच ग्रॅन्युलोमा होणाऱ्या आजारात, नेमकं हेच घडतं, कुष्ठरोगात आणि काही बुरशीजन्य आजारांतही घडू शकतं.

त्याच रुग्णाला उलट दिशेने ओढणाऱ्या गोष्टीही असतात. अन्न अपुरं, ऊन कमी, त्यामुळे ड जीवनसत्त्वाचा साठा आधीच तळाला गेलेला. त्यात टीबीच्या नेहमीच्या औषधांपैकी रिफाम्पिसिन यकृतातली विकरं वाढवून तो साठा लवकर संपवतं आणि आयसोनियाझिड ड जीवनसत्त्वाच्या रूपांतरात अडथळा आणतं. म्हणून टीबीच्या एका रुग्णाचं कॅल्शियम वर जाईल आणि दुसऱ्याचं खाली. एकाच रुग्णात उपचाराच्या वेगवेगळ्या महिन्यांत दोन्ही दिसू शकतं.

इथे एक सापळा आहे. २५-हायड्रॉक्सी ड कमी आलं म्हणजे कॅल्सिट्रायॉलही कमी असेलच असं नाही. ग्रॅन्युलोमा साठ्यातला माल उचलून सक्रिय रूप बनवत असतो, त्यामुळे साठा कमी आणि सक्रिय रूप जास्त, असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी रिपोर्टवरचं "ड कमी" वाचून सहा लाख युनिटचं इंजेक्शन ठोकलं, तर त्या बेलगाम कारखान्याला कच्चा माल पुरवल्यासारखं होतं.

एक्स-रेवरचं कॅल्शियम वेगळं

रिपोर्टमध्ये "कॅल्सिफिकेशन" लिहिलेलं असलं की नातेवाईक घाबरून दूध बंद करतात, किंवा "कॅल्शियम साचलंय म्हणजे रक्तात जास्त झालंय" असं समजतात. मेलेल्या, बऱ्या होत असलेल्या ऊतीत क्षार जमतात आणि रक्तातलं कॅल्शियम अगदी नेमकं असलं तरी ते जमतात. जुन्या टीबीचा तो व्रण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जखम लवकर 'चुनखडी' व्हावी म्हणून क्षयरुग्णांना कॅल्शियम देण्याची पद्धत होती. त्याने टीबी बरा झाला नाही. पुढे १९४०च्या दशकात कातडीच्या टीबीवर ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले जात, आणि त्यातून कॅल्शियम वाढल्याचे दुष्परिणाम दिसू लागले. आपण त्या अनुभवातून आधीच गेलेलो आहोत, पुन्हा जाण्याची गरज नाही.

नमुना नीट घ्या

निम्म्या चुका इथेच होतात. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब कॅल्शियमसाठी वापरू नका. ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकतं, त्यामुळे पातळी खोटी कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं. आधी जांभळी ट्यूब भरून उरलेलं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं तरी तेच होतं. दंडाला टुर्निके फार वेळ बांधून ठेवला, किंवा रुग्णाला मूठ आवळत बसवलं, तर कॅल्शियम खोटं वाढतं. शक्यतो सकाळी, उपाशीपोटी, शीर सापडताच टुर्निके सोडून रक्त घ्या. पीटीएचचा नमुना कोणत्या ट्यूबमध्ये आणि किती थंड ठेवायचा हे तुमच्या लॅबला आधी विचारा. गावातून तालुक्याला जाताना गाडीत तापलेल्या नमुन्यावर विसंबून चालणार नाही.

पहिल्यांदा मागवायच्या तपासण्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फेट, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, सोडियम आणि पोटॅशियम. यांतल्या बऱ्याच लिव्हर आणि किडनीच्या नेहमीच्या तपासणीतच येतात. पीटीएच आणि २५-हायड्रॉक्सी ड महाग पडतात, म्हणून ते दुसऱ्या पायरीवर, कॅल्शियम बिघडलेलं दिसल्यावर मागवा. खुद्द कॅल्सिट्रायॉल मोजण्याची वेळ क्वचितच येते.

अल्ब्युमिनचा हिशेब

हा टप्पा मी पुन्हापुन्हा सांगते, कारण खंगलेल्या रुग्णात तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. टीबीच्या रुग्णात अल्ब्युमिन घटलेलं असल्याने एकूण कॅल्शियमचा आकडा खाली येतो, पण शरीराला जाणवणारं मोकळं कॅल्शियम तेवढंच असतं किंवा जास्तही असतं.

सूत्र सोपं आहे: ४ मधून रुग्णाचं अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ने गुणा आणि आलेला आकडा मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा.

समजा कॅल्शियम ९.८ आहे आणि अल्ब्युमिन २.२. रिपोर्टवर ९.८पुढे लाल खूण नसते, म्हणून कुणी थांबत नाही. हिशेब केला तर ४ वजा २.२ म्हणजे १.८, गुणिले ०.८ म्हणजे १.४४. दुरुस्त कॅल्शियम ११.२४. म्हणजे या रुग्णाचं कॅल्शियम वाढलेलं आहे आणि त्याला कॅल्शियमची गोळी नको आहे. आता दुसरा रुग्ण घ्या: कॅल्शियम ७.९, अल्ब्युमिन २.४. दुरुस्त आकडा ९.१८. याचं कॅल्शियम कमी नाही, अल्ब्युमिन कमी आहे. त्याला अन्न हवं.

अल्ब्युमिन फारच कमी असेल किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर सूत्रावर भरवसा कमी होतो. तिथे आयोनाइज्ड कॅल्शियम मोजून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या बऱ्याच ब्लड गॅस यंत्रांवर ते होतं. त्याची नेहमीची पातळी साधारण १.१ ते १.३ मिलिमोल प्रति लिटर.

आकडे एकत्र वाचा

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं, २५-हायड्रॉक्सी ड कमी किंवा बेताचं: ग्रॅन्युलोमाची शक्यता सर्वांत जास्त. फॉस्फेट नेहमीइतकं किंवा किंचित वर असतं.

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं, पण २५-हायड्रॉक्सी ड दीडशे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर: ड जीवनसत्त्वाचा अतिरेक. "ताकदीचं इंजेक्शन घेतलंत का?" असं विचारा. आठवड्याला घ्यायचं साठ हजार युनिटचं पाकीट रोज घेणारे रुग्ण भेटतात, कारण पाकिटावरचं "आठवड्यातून एकदा" कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त, किंवा दबायला हवं असूनही मधल्या पातळीवर: हा टीबीचा खेळ नाही. पॅराथायरॉइड ग्रंथीचा स्वतंत्र आजार शोधा.

कॅल्शियम खूप जास्त, पीटीएच दबलेलं, वय जास्त, बिडी-सिगारेटची सवय, आणि थुंकीत जंतू सापडलेलेच नाहीत: फुप्फुसाच्या कर्करोगाचा विचार करा. काही गाठी पीटीएचसारखं प्रथिन सोडतात. जंतूचा पुरावा नसताना केवळ एक्स-रेवरून टीबीचे उपचार चालू असतील, तर वाढलेलं कॅल्शियम हे निदान पुन्हा तपासण्याचं कारण समजा. सार्कॉइडोसिसही याच गर्दीत लपतो.

कॅल्शियम खरोखर कमी, पीटीएच वाढलेलं, ड कमी, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं: ड जीवनसत्त्वाची खरी कमतरता, कदाचित हाडं मऊ झालेली. मात्र औषधांनी यकृताला सूज आली तरी अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, म्हणून सोबत जीजीटी हे यकृताचं विकर पाहा. आणि कॅल्शियम कमी असूनही पीटीएच वाढत नसेल तर मॅग्नेशियम मोजा. ते भरून काढल्याशिवाय कॅल्शियम वर येत नाही.

कॅल्शियम जास्त निघालं तर

टीबीमुळे वाढलेलं कॅल्शियम बहुतेक वेळा सौम्य असतं, रुग्णाला काही जाणवतही नाही. जाणवतं तेव्हा तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, उलटी, मरगळ आणि गोंधळल्यासारखं वागणं. यातली मळमळ-उलटी सगळ्यांत फसवी, कारण टीबीच्या गोळ्यांनीही तेच होतं. उपचार चालू असलेला रुग्ण उलट्या घेऊन आला की आपण यकृताच्या तपासण्या करतो, आणि त्या करायलाच हव्यात. त्याच कागदावर कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि सोडियम एवढं आणखी लिहा.

दुरुस्त कॅल्शियम १२च्या खाली आणि रुग्ण ठीक असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि त्यांची भर असलेले टॉनिक बंद करा, पाणी भरपूर प्यायला सांगा, रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर बदलून घ्या, कारण ती लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते. टीबीची औषधं नेमाने चालू ठेवा. खरा उपचार तोच आहे: जंतू मरतात, ग्रॅन्युलोमा विरतो आणि तो कारखाना बंद पडतो. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. घरचं साधं जेवण आणि चहातलं दूध तोडू नका.

१२ ते १४च्या दरम्यान असेल, किंवा लक्षणं असतील, तर भरती करा. शिरेतून सलाइन, लघवीचं माप, क्रिएटिनिन रोज. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद घालवतं, रुग्ण कोरडा पडतो, आणि कोरडा पडला की कॅल्शियम आणखी वाढतं. आधी हे चक्र तोडायचं. १४च्या वर गेलं तर ती आणीबाणी. ईसीजी काढा आणि सलाइन सुरू करूनच मोठ्या रुग्णालयात पाठवा.

ग्रॅन्युलोमातलं विकर स्टेरॉइडने दबतं, म्हणून हट्टी प्रसंगी प्रेडनिसोलोन दिलं जातं. पण निदान टीबीच आहे याची खात्री आणि टीबीची पूर्ण औषधं चालू असल्याशिवाय ते सुरू करू नका. रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनही लवकर संपवतं, त्यामुळे डोस तज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

कमी निघालं तर

अल्ब्युमिनचा हिशेब करूनही कॅल्शियम कमी, पीटीएच वाढलेलं आणि ड कमी असेल, तर गोळी जरूर द्या. एकदम सहा लाख युनिट नको. आठवड्याला साठ हजार युनिटचा नेहमीचा क्रम आणि सोबत कॅल्शियम, आणि चार आठवड्यांनी पुन्हा कॅल्शियम मोजायचं. काही रुग्णांचं कॅल्शियम टीबीचे उपचार सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यांत वर सरकतं, तेही बहुधा अशी गोळी चालू असतानाच. हाता-तोंडाला मुंग्या, हात वाकडे होणं किंवा झटके असतील तर शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. ते ईसीजी पाहत, सावकाश, रुग्णालयातच.

ड जीवनसत्त्वाने टीबी लवकर बरा होतो का, हा प्रश्न नीट तपासला गेला आहे. वेल्लोरच्या गटाने केलेली, २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपल्याच देशातली: मोठे डोस देऊनही थुंकीतले जंतू लवकर गेले नाहीत. मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला ड जीवनसत्त्व दिलं. २०२० साली आलेल्या निकालात टीबीच्या संसर्गापासून बचाव दिसला नाही. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढा, पण टीबीवरचं औषध म्हणून ड लिहू नका.

बाकीच्या ग्रंथीही पाहा

यात सर्वांत जास्त लक्ष मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडे द्या. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या अपयशाचं वर्णन केलं तेव्हा त्यामागे टीबी हे मोठं कारण होतं, आणि आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही. टीबीने ग्रंथी नासल्या असतील तर त्यांचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडतं. रक्तदाब उतरतो, उभं राहताच चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, आणि कधीकधी कॅल्शियमही जास्त. रिफाम्पिसिन कॉर्टिसॉल झपाट्याने संपवतं, त्यामुळे कसाबसा तग धरून असलेला रुग्ण उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कोसळू शकतो. "औषधं सुरू केली आणि माणूस जास्तच खालावला" हे वाक्य नातेवाइकांनी उच्चारलं, की रक्तदाब झोपवून आणि उभं करून मोजा. शंका असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि गरजेप्रमाणे एसीटीएच चाचणी. रुग्ण कोसळलेलाच असेल तर नमुना काढून ठेवा आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून व सलाइन सुरू करा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी आधीपासून स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णालाही हाच धोका आहे.

सोडियम कमी, पण पोटॅशियम आणि रक्तदाब ठीक असेल, तर फुप्फुसाच्या टीबीत वाढणाऱ्या एडीएच संप्रेरकाचा विचार करा. शरीर पाणी धरून ठेवतं. उपचार ॲडिसनच्या आजाराच्या, म्हणजे ॲड्रिनलच्या अपयशाच्या, उलट: पाणी मोजून द्यायचं. दोन्हींत गल्लत झाली तर रुग्णाचं नुकसान होतं.

थायरॉइडमध्ये टी३ कमी आणि टीएसएच ठीक, हे कोणत्याही मोठ्या आजारात दिसतं. त्यावर थायरॉक्सिन देऊ नका. मात्र थायरॉक्सिन आधीपासून चालू असेल तर रिफाम्पिसिनमुळे डोस वाढवावा लागू शकतो; सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहा. इथिओनामाइड हे टीबीचं औषध चालू असलेल्या रुग्णात हायपोथायरॉइड होतो, तिथे टीएसएच उपचाराआधी आणि नंतर अधूनमधून.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं, स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. वजन भरलं की बहुतेकांचं सुरळीत होतं, आणि हे त्यांना आधीच सांगितलं तर मोठी काळजी मिटते. पाळी सुरू झाली नाही तर गर्भाशयाच्या टीबीची तपासणी. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. निरोध किंवा तांबी वापरायला स्पष्ट शब्दांत सांगा. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्याही कमी पडतात, म्हणून साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा.

औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या ठोक्यातला, ईसीजीवर दिसणारा क्यूटी काळ लांबवतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम कमी असेल तर तो आणखी लांबतो आणि ठोका जीवघेणा बिघडू शकतो. म्हणून इथे कमी कॅल्शियम दुर्लक्षून चालत नाही: औषधं सुरू करण्याआधी तिन्ही मोजा आणि दुरुस्त करा. शिरेतून किंवा स्नायूत द्यायची अमिकासिनसारखी इंजेक्शनं हे क्षार लघवीवाटे घालवतात. शिवाय लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची औषधं एकत्र पोटात गेली तर टीबीचं औषध नीट शोषलं जात नाही. सकाळी टीबीच्या गोळ्या आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, अशी वाटणी सोपी पडते.

अन्नाचं काय

झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबांना पोषणाची मदत दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. ताकदीचं काहीतरी मागणाऱ्या घराला मी हेच सांगते. निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४पासून १००० मिळतात. बँक खातं निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलमध्ये जोडलं गेलंय का, हे तुम्हीच पाहा. त्यातून डाळ, अंडी, शेंगदाणे येऊ देत. कॅल्शियम नेमकं असलेल्या रुग्णाने नाचणीची भाकरी, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, कोकणात छोटी सुकी मासळी बिनधास्त खावी. अन्नातल्या कॅल्शियमने त्याचं नुकसान होत नाही.

पुढे काय पाहायचं

सुरुवातीला दुरुस्त कॅल्शियम ठीक असेल आणि कुठलाही डी३ चालू नसेल, तर लक्षणं आली तरच पुन्हा मोजा. वाढलेलं होतं किंवा गोळी चालू आहे, अशांचं दुसऱ्या महिन्याअखेर थुंकीच्या तपासणीसोबत मोजा आणि उपचार संपताना एकदा. वाढलेलं कॅल्शियम औषधं नेमाने घेऊनही उतरत नसेल तर औषधांना दाद न देणारा टीबी, सार्कॉइडोसिस आणि कर्करोग या तिन्हींचा नव्याने शोध घ्या. उपचार संपल्यावर, रिफाम्पिसिन थांबल्यानंतर, २५-हायड्रॉक्सी ड कमी असेल तर ते भरून काढायला आता आडकाठी नाही. प्रत्येक वेळी रुग्णाच्या कार्डावर कॅल्शियमच्या शेजारीच अल्ब्युमिन आणि दुरुस्त आकडा लिहा, म्हणजे तुमची बदली झाली तरी पुढच्याला हिशेब तयार मिळेल.